अमोनिया प्लँटचे व्हॉल्व्ह: बसवणं आणि सांभाळणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाशी-तुर्भ्याची कोल्ड स्टोरेज असोत, तळोज्याचे मासळी प्रक्रिया कारखाने असोत किंवा ठाणे-बेलापूर रोडलगतचे औषधांचे आणि खाद्यपदार्थांचे प्लँट, मोठं कूलिंग जिथे आहे तिथे बहुतेक ठिकाणी अमोनियाच आहे. तो पाइपात आहे तोवर उत्तम रेफ्रिजरंट. बाहेर आला की त्याला अडवायला हाताशी असतो तो फक्त व्हॉल्व्ह. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरामागे एकच प्रश्न आहे: हा व्हॉल्व्ह ज्या दिवशी बंद व्हायलाच हवा, त्या दिवशी बंद होईल का? हे प्रश्न ऑपरेटर, फिटर आणि मालक मंडळी विचारतात ते. उत्तरं अमोनियाच्या म्हणजे आर-७१७ च्या प्लँटसाठी आहेत. फ्रिऑनचं वेगळं आहे ते त्या जागी सांगितलं आहे.

## दुकानात पितळी व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो. छोट्या गेज लाइनला लावला तर काय बिघडतं?

लावू नका, अर्ध्या इंचाच्या लाइनलाही नाही. ओलाव्याचा अंश असलेला अमोनिया तांबं, पितळ आणि जस्त खातो. आपल्याकडे हवेतच इतकी ओल असते की कोरड्या अमोनियाचा भरवसा धरता येत नाही. पितळाला आधी बारीक तडे जातात, ते वरून दिसत नाहीत, आणि मग एक दिवस स्पिंडलसकट (व्हॉल्व्हच्या दांड्यासकट) बॉनेट, म्हणजे वरचं झाकण, हातात येतं. गॅल्व्हनाइज्ड निपलही याच कारणासाठी नको. व्हॉल्व्ह, निपल, गेज, गेजची आतली नळी, सगळं पोलादी किंवा स्टेनलेस हवं. गेज विकत घेताना डायलवर अमोनिया लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या.

फ्रिऑनच्या लाइनवर पितळी व्हॉल्व्ह सर्रास असतात आणि तिथे ते योग्यच आहेत. घोटाळा होतो तो दोन्ही प्लँट असलेल्या कारखान्यात, एकाच स्टोअरमधून माल निघतो तेव्हा. दोन्हींचे रॅक वेगळे ठेवा.

## ओ-रिंग व्हायटॉनची घेतली, महागातली. तरी महिनाभरात फुगली. असं का?

कारण व्हायटॉन अमोनियाला चालतच नाही. उष्णता आणि तेल सोसणारं रबर म्हणून त्याचं नाव मोठं आहे, त्यामुळे काउंटरवरचा माणूस चांगल्या मनाने तेच काढून देतो. अमोनियाला निओप्रीन चालतं, टेफ्लॉन चालतो. ईपीडीएम अमोनियाला टिकतं, पण कॉम्प्रेसरच्या मिनरल ऑइलमध्ये फुगतं, म्हणून ऑइल येणाऱ्या जागी तेही नको. सगळ्यात सुरक्षित म्हणजे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचा रिपेअर किट. मापाला माप जुळलं म्हणजे ओ-रिंग जुळली, असं होत नाही.

## आडव्या लाइनवर स्टॉप व्हॉल्व्हचं स्पिंडल वर ठेवायचं की बाजूला?

बाजूला, म्हणजे आडवं. ग्लोब व्हॉल्व्हच्या पोटात सीटसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या बैठकीसाठी, एक आडभिंत असते. स्पिंडल उभं ठेवलं की ती भिंत पाइपाच्या तळाशी ओढ्यावरच्या बांधासारखी उभी राहते. सक्शन लाइनमध्ये (कॉम्प्रेसरकडे गॅस नेणाऱ्या) तिच्यामागे लिक्विड आणि ऑइल साचतं आणि कधीतरी ते एकदम सुटून पुढे जातं. लिक्विड लाइनमध्ये उलट, वरच्या बाजूला गॅस अडकतो. स्पिंडल आडवं केलं की भिंत बाजूला वळते आणि तळाची वाट मोकळी होते.

स्पिंडल खाली तोंड करून मात्र कधीच नाही. लाइनमधला सगळा गाळ, वेल्डिंगची कचकच, गंजाची पापडी बॉनेटमध्ये जाऊन बसते आणि ग्लँड (स्पिंडलभोवतीची पॅकिंगची जागा) कायमचा गळका होतो.

लाइन जिथे तसंही वळण घेते तिथे अँगल व्हॉल्व्ह घ्या. एक एल्बो वाचतो आणि दाबाची घट कमी होते. लो-टेंपरेचर सक्शनवर याला फार महत्त्व आहे. उणे ४० अंशांना अमोनियाचा दाब जेमतेम ०.७२ बार ॲब्सोल्यूट असतो. तिथे व्हॉल्व्हमध्ये थोडा दाब गेला तरी कॉम्प्रेसरची क्षमता आणि विजेचं बिल दोन्हीवर त्याचा परिणाम दिसतो.

आणि बसवताना एक साधी गोष्ट बघा: हँडल फिरवायला हात जातो का? पाना बसतो का? स्ट्रेनरची (गाळणीची) जाळी बाहेर ओढायला जागा आहे का? ड्रॉइंगवर सगळं सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात केबल ट्रे येते, मग इन्शुलेशन येतं आणि व्हॉल्व्ह त्यांच्या मागे दडतो. हात पोचत नाही तो व्हॉल्व्ह आणीबाणीत उपयोगाचा नाही. रॅकवर उंच असलेल्या मुख्य व्हॉल्व्हला साखळीचं चाक किंवा कायमचा प्लॅटफॉर्म द्या. शिडी आणायला धावायची वेळ येऊ नये.

## बाण कोणत्या दिशेला?

बॉडीवर बाण आहे तो पाळा. स्टॉप व्हॉल्व्हमध्ये साधारणपणे दाब सीटच्या खालून येतो, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना ग्लँडवर दाब राहत नाही. सोलेनॉइड (विजेने उघडणारा) आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारा) उलटे बसले तर ते काम करणारच नाहीत. बॉल व्हॉल्व्हमध्ये एक बारीक मुद्दा आहे. बंद स्थितीत बॉलच्या पोटात लिक्विड कोंडू नये म्हणून बॉलला एका बाजूने छोटं भोक असतं. ती बाजू जास्त दाबाकडे यायला हवी. बाण न बघता फिरवून बसवला तर व्हॉल्व्ह बंद केल्यावरही पास होत, म्हणजे आतून गळत, राहतो आणि सगळे सीट बदलत बसतात.

## व्हॉल्व्ह जागेवर ठेवूनच वेल्डिंग केलं तर चालतं का?

आतले भाग काढून ठेवून करा. बॉनेट, स्पिंडल, सील, सोलेनॉइडचा पिस्टन, सगळं खुणा करून स्वच्छ पिशवीत ठेवा आणि मग बॉडी वेल्ड करा. टेफ्लॉनची सीट आणि रबराच्या रिंगा वेल्डिंगची उष्णता सोसत नाहीत. ओलं फडकं गुंडाळून भागवतात, पण फडक्याने बॉडीचा वरचा भाग गार राहतो, आतली सीट नव्हे. काही व्हॉल्व्ह न खोलता वेल्ड करायची परवानगी त्यांच्या पत्रकात दिलेली असते, तेवढाच अपवाद.

पहिला रूट रन टिगने घ्या, म्हणजे आत स्लॅग पडत नाही. अर्थची वायर जोडाजवळच लावा. ती लांब दुसऱ्याच पाइपाला अडकवली की करंट व्हॉल्व्हच्या सीटमधून जाऊ शकतो आणि तिथे ठिणगीचे खड्डे पडतात. उणे तापमानाच्या लाइनला पाइप आणि फोर्जिंगचा दर्जाही त्या तापमानाचा लागतो: साधा ए-१०६ नव्हे, ए-३३३ ग्रेड ६, बॉडी ए-३५० एलएफ-२. ए-१०५ ची बॉडी आणि ए-१०६ चा पाइप हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, ठीक आहेत. मटेरियल सर्टिफिकेट मागितलं की पुरवठादार कधी कधी तोंड वाकडं करतो. तरी मागा.

## दाबाची चाचणी कशाने?

कोरड्या नायट्रोजनने, दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरमधून, दाब पायरीपायरीने चढवत. ऑक्सिजनने कधीही नाही: ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. शेडमध्ये गॅस कटिंगची नळी हाताशी असते म्हणून ती जोडायचा मोह होतो, तिथे सुपरवायझरने उभं राहायला हवं. चाचणीआधी सेफ्टी व्हॉल्व्ह काढून जागा प्लगने बंद करा, रेग्युलेटर आणि सोलेनॉइड हाताने उघडे ठेवा, म्हणजे लाइनचा कुठलाही तुकडा चाचणीतून सुटणार नाही. नंतर व्हॅक्यूम. पावसाळ्यात व्हॅक्यूमला जास्त वेळ द्या, कारण लाइन उघडी पडली होती तेवढ्या वेळात आत ओल शिरलेली असते.

## नवीन सोलेनॉइड व्हॉल्व्ह आठवड्यातच अडकला. माल खराब आहे का?

बहुतेक वेळा माल चांगला असतो, लाइन घाण असते. नव्या लाइनमध्ये वेल्डिंगचे कण आणि गंज राहतोच. सोलेनॉइडच्या आधी स्ट्रेनर हवाच. प्लँट सुरू झाल्यावर जाळी पहिल्या दिवशी काढून धुवा, मग आठवड्याने, मग महिन्याने. जाळी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवा.

सोलेनॉइडची विजेची कॉइल जळण्याची तक्रार येते, त्याची कारणं साधारण तीन. एक, केबल ग्लँड सैल आणि पावसाचं किंवा वितळलेल्या बर्फाचं पाणी आत. केबलला कॉइलपाशी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न जाता झोळातून खाली टपकेल. दोन, कॉइल व्हॉल्व्हवरून उतरवून ठेवली आणि करंट चालूच राहिला: आतला लोखंडी गाभा नसला की कॉइल काही मिनिटांत तापून जळते. तीन, व्होल्टेज चुकीचं, ११० ची कॉइल २३० वर.

हाताने उघडायचा स्क्रू खाली असतो, तो काम झाल्यावर परत बंद करा. रात्रपाळीत कुणीतरी उघडलेला हा स्क्रू उघडाच राहतो आणि मग तापमान धरत नाही, लिक्विड कॉम्प्रेसरकडे येतं, आणि सगळे कंट्रोल पॅनेल तपासत बसतात. हा स्क्रू उघडला की व्हॉल्व्हला लाल चिठ्ठी बांधायची आणि लॉगबुकात लिहायचं, एवढी सवय लावली तरी पुष्कळ त्रास वाचतो.

## हँड एक्स्पान्शन व्हॉल्व्ह स्टॉप व्हॉल्व्ह म्हणून वापरता येतो का?

नाही. त्याची बनावट प्रवाह बारीक-बारीक जुळवण्यासाठी आहे. दाबून-दाबून बंद केला की सुईचं टोक खराब होतं आणि जुळणी बिघडते. किती फेरे उघडा आहे ते रंगाने खूण करून आणि कागदावर लिहून ठेवा, म्हणजे कुणी हात लावला तरी मूळ जागा सापडेल.

## ग्लँडमधून वास येतोय. घट्ट करू?

करा, पण पाव फेरा. मग ओला लिटमस कागद किंवा फिनॉल्फ्थॅलीनचा कागद लावून बघा. अजून गळत असेल तर आणखी पाव फेरा. जोर लावून एकदम आवळला की पॅकिंग चेपतं, स्पिंडल फिरेनासं होतं. मग कुणीतरी हँडलला पाइप अडकवून जोर करतो आणि स्पिंडलच तुटतं. हँडलला पाइप लावायची सवय प्लँटमधून हद्दपार करा.

पुरेसं आवळूनही थांबत नसेल तर पॅकिंग संपलं आहे. बऱ्याच स्टॉप व्हॉल्व्हना बॅक सीट असते, म्हणजे पूर्ण उघडल्यावर स्पिंडलचा खांदा वरून बसतो आणि दाबाखालीही पॅकिंग बदलता येतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. जुन्या व्हॉल्व्हची बॅक सीट शाबूत असेलच असं नाही. शक्य असेल तेव्हा तेवढा भाग पंप डाउन करूनच, म्हणजे आतला अमोनिया काढून घेऊनच, हात घाला.

स्पिंडलवर टोपी असते ती उगाच नसते. खाडीकडच्या खाऱ्या हवेपासून ती आटे वाचवते आणि ग्लँड थोडा गळला तरी गॅस आत धरते. म्हणूनच टोपी काढताना दोन आटे सैल करून थांबा, बाजूला उभे राहा, आत कोंडलेला गॅस निघून जाऊ द्या, मग काढा.

गंधकाच्या काडीचा पांढरा धूर बघून गळती शोधायची जुनी पद्धत आहे. बारीक गळतीला ती चालते, पण ती पेटती काडी आहे हे विसरू नका. हवेत साधारण १५ ते २८ टक्के अमोनिया झाला की तो पेटतो. डोळे चुरचुरत असतील अशा खोलीत काडी घेऊन जायचं नाही.

## व्हॉल्व्ह बंद केला, तरी पुढच्या बाजूला दाब चढतो. पास होतोय हे नक्की कसं समजायचं?

पुढचा भाग पंप डाउन करा, दोन्हीकडून बंद करा, गेज लावून अर्धा तास बघा. दाब चढत गेला तर एकतर व्हॉल्व्ह पास होतो आहे किंवा आत राहिलेलं थोडं लिक्विड उकळतं आहे. फरक असा की लिक्विड संपलं की चढणं थांबतं, पास होणारा व्हॉल्व्ह थांबत नाही. यांत्रिकाचा स्टेथोस्कोप बॉडीला लावला तर बारीक सूंऽऽ असा आवाजही ऐकू येतो. बॉडीवर फक्त एकाच बाजूने बर्फ धरत असेल तर तीही खूण आहे.

## लाइनचे दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद केले तर धोका काय?

मध्ये लिक्विड अडकलं असेल तर फार मोठा. लिक्विडने पूर्ण भरलेल्या लाइनमध्ये फुगायला जागाच नसते. थंड लिक्विडला बाहेरची उष्णता लागली की दर अंशाला दाब अनेक बारने चढतो आणि लाइन किंवा व्हॉल्व्हची बॉडी फुटते. मे महिन्यात गच्चीवरच्या लाइनला तापायला किती वेळ लागतो ते सांगायला नको.

म्हणून क्रम पक्का: आधी लिक्विड जिथून येतं तिकडचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधलं लिक्विड पुढे जाऊन उकळून संपू द्या, गेजवर खात्री करा, आणि शेवटी पुढचा व्हॉल्व्ह बंद करा. जिथे चेक व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइड यांच्यामध्ये लिक्विड आपोआप अडकू शकतं तिथे छोटा हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह लावून तो लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, सोडा. आपोआप अडकणाऱ्या जागा आणि माणसाने अडकवायच्या जागा, दोन्ही एकदा ड्रॉइंगवर बसून शोधा. दुपार जाईल, पण ती सत्कारणी लागेल.

## डीफ्रॉस्ट संपताना सक्शन लाइनमध्ये घण मारल्यासारखा आवाज येतो. दुर्लक्ष करावं का?

मुळीच नाही. हा या पानावरचा सगळ्यात गंभीर प्रश्न आहे.

हॉट गॅस डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे गरम गॅस सोडून बर्फ वितळवताना, खोली थंड करणाऱ्या कॉइलमध्ये जास्त दाबाचा गरम गॅस आणि त्याचं झालेलं लिक्विड असतं. पलीकडे सक्शन लाइनमध्ये दाब अगदी कमी. मधला सक्शन व्हॉल्व्ह एकदम उघडला की गॅस लिक्विडचा गोळा पुढे ढकलत सुसाट नेतो आणि तो गोळा एल्बोवर, एंड कॅपवर किंवा बंद व्हॉल्व्हवर आदळतो. तो आवाज म्हणजे हाच आघात. पाइप, वेल्ड आणि व्हॉल्व्हच्या बॉडीला तो प्रत्येक वेळी थोडं थोडं मारतो.

२३ ऑगस्ट २०१० ला अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या थिओडोर इथे मिलर्ड कंपनीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अशाच आघाताने छतावरचा सक्शन पाइप आणि ब्लास्ट फ्रीझरची कॉइल फुटली. ३२,००० पौंडांहून जास्त, म्हणजे साधारण साडेचौदा टन अमोनिया बाहेर गेला. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने केलेल्या चौकशीत सुरुवात सापडली ती वीज जाण्यापाशी. वीज आल्यावर यंत्रणा परत सुरू करताना डीफ्रॉस्टमध्ये असलेल्या कॉइलचा क्रम मधेच मोडला गेला आणि दाब न उतरवता सक्शन उघडलं गेलं. शिवाय गळती सुरू झाल्यावर इमर्जन्सी स्टॉप दाबून प्लँट थांबवण्याऐवजी चालू प्लँटमध्येच व्हॉल्व्ह बंद करून गळती अडवायचा प्रयत्न झाला.

वीज आपल्याकडेही जाते, तळोज्यातल्या रात्रपाळीला हे कुणी सांगायला नको. म्हणून डीफ्रॉस्टचा क्रम कंट्रोलरमध्ये आणि भिंतीवर दोन्हीकडे असू द्या. आधी लिक्विडचा सोलेनॉइड बंद करून पंखे चालू ठेवत कॉइल रिकामी होऊ द्यायची. मग सक्शन बंद. मग छोट्या व्हॉल्व्हमधून हळूहळू गॅस देऊन दाब चढवायचा, आणि नंतरच मुख्य हॉट गॅस. संपताना हॉट गॅस बंद, छोट्या ब्लीड व्हॉल्व्हमधून दाब सावकाश उतरू द्यायचा, दाब जवळजवळ सारखा झाला की मुख्य सक्शन उघडायचं. पंखे सगळ्यात शेवटी, कॉइलवरचे पाण्याचे थेंब गोठल्यावर. वीज गेली आणि आली तर डीफ्रॉस्टमधली कॉइल थेट कूलिंगवर जाऊ नये, तिने आधी ब्लीडचा टप्पा पूर्ण करावा, असंच प्रोग्रॅमिंग हवं आणि ते हाताने ओलांडायची मुभा कुणाला नसावी.

आवाज येतच असेल तर पहिला संशय ब्लीड व्हॉल्व्हवर घ्या. एकतर तो अडकलेला असतो किंवा डीफ्रॉस्ट लवकर संपावा म्हणून कुणी त्याची वेळ कमी केलेली असते. मालाची घाई असते, हे खरं. तरीही ती मिनिटं वाचवायची जागा ही नव्हे.

## सेफ्टी व्हॉल्व्ह दहा वर्षं तसाच आहे, कधी उडाला नाही. बदलायचा कशाला?

कधी उडाला नाही म्हणूनच. दहा वर्षं न हललेली स्प्रिंग आणि सीट ठरलेल्या दाबाला हलेल याची खात्री कोण देणार? उद्योगात सर्वसाधारण धरलेली मुदत पाच वर्षांची आहे, आणि एकदा उडाला तर लगेच बदलायचा, कारण उडताना सीटवर कचरा बसतो आणि तो पूर्ण मिटत नाही.

रिसीव्हरसारख्या (द्रव अमोनिया साठवायच्या) मोठ्या भांड्यावर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि खाली तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असतो. एका वेळी एकच चालू राहतो, दुसरा काढून बदलता येतो, आणि दोन्ही एकाच वेळी बंद करता येत नाहीत, हीच त्याची खुबी. स्पिंडल एका टोकाला पूर्ण नेऊन ठेवा, मध्ये नको. भांडं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये साधा स्टॉप व्हॉल्व्ह टाकू नका. "गळत होता म्हणून तात्पुरता टाकला" असं सांगितलं जातं. तो तात्पुरता व्हॉल्व्ह कुणीतरी बंद करतो आणि भांड्याचं संरक्षण तिथेच संपतं. सेट प्रेशर, म्हणजे तो उडायचा दाब, भांड्याच्या नेमप्लेटवरच्या डिझाइन प्रेशरपेक्षा जास्त असता कामा नये. चाळीस अंशांना अमोनियाचा दाब गेजवर साधारण साडेचौदा बार होतो, त्यामुळे उन्हाळ्यात कंडेन्सर घाण झाला की आपण किती जवळ जातो याचा अंदाज घ्या. कंडेन्सर साफ ठेवणं हीदेखील सेफ्टी व्हॉल्व्हची देखभालच आहे.

डिस्चार्ज पाइप उंच, निदान १५ फूट, आणि खिडक्या, ताजी हवा घेणारे पंखे, शेजारच्या वस्तीच्या बाजूपासून लांब. आपल्याकडची खास गोष्ट पावसाची: पाइपाचं तोंड वर उघडं असेल तर जून ते सप्टेंबर त्यात पाणी भरत राहतं, सेफ्टी व्हॉल्व्ह मागून गंजतो आणि चिकटतो. पाइपाच्या तळाला पाणी काढायचा प्लग ठेवा आणि पावसाळ्यात तो दर आठवड्याला उघडून बघा. भांड्यांची सक्षम व्यक्तीकडून होणारी तपासणी आणि तिचे कागद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला दाखवावे लागतात. त्या फाइलमध्ये प्रत्येक सेफ्टी व्हॉल्व्हची तारीखही ठेवा.

## ऑइल काढताना काय सांभाळायचं?

अमोनिया प्लँटमधले किती तरी अपघात याच कामात होतात. ऑइल द्रव अमोनियापेक्षा जड, म्हणून भांड्याच्या तळाशी बसतं. काढताना ऑइल संपलं की त्याच तोंडातून लिक्विड अमोनिया फवाऱ्यासारखा येतो. त्या वेळी माणूस समोर बादली धरून वाकलेला असतो.

ड्रेनवर स्टॉप व्हॉल्व्हच्या पुढे स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवाच. त्याचा दांडा तारेने बांधून ठेवलेला दिसला तर काम तिथेच थांबवा. शक्य तिथे ऑइल आधी ऑइल पॉटमध्ये घ्या, पॉट भांड्यापासून तोडा, गॅस सक्शनला जाऊ द्या, दाब उतरल्यावर काढा. दोन माणसं, पूर्ण चेहऱ्याचा मास्क, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ. ड्रेन उघडा ठेवून फोनवर बोलायला किंवा चहाला जायचं नाही. ऑइल येईना तर तारेने खुपसू नका: अडथळा निघाला की समोर तुम्हीच असता.

## लाइन खोलायच्या आधी काय काय?

पंप डाउन, दोन ठिकाणी बंद, कुलूप आणि चिठ्ठी, गेजवर शून्य, मग उरलेला गॅस नळीने पाण्याच्या पिंपात. पाणी अमोनिया इतक्या जोरात शोषतं की लाइनचा दाब संपताच पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जातं. म्हणून नळीवर चेक व्हॉल्व्ह ठेवा आणि दाब संपायच्या आत व्हॉल्व्ह बंद करून नळी बाहेर काढा. फ्लँजचे नट काढताना आधी आपल्यापासून लांबचे सैल करा.

पिंपातलं अमोनियाचं पाणी पावसाच्या गटारात ओतू नका. टीटीसी औद्योगिक वसाहतीतले नाले शेवटी ठाणे खाडीला मिळतात. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे आणि २०२२ पासून ती रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. माशांना अमोनिया थोडासुद्धा घातक ठरतो. ते पाणी प्रक्रियेलाच पाठवा.

## पावसाळ्याआधी व्हॉल्व्हचं काय करून घ्यावं?

इन्शुलेशन तपासा. व्हॉल्व्हपाशी इन्शुलेशन कापलेलं असतं आणि तिथेच वाफ-रोधक पडदा फाटतो. ओल आत जाते, बर्फ होतो, डीफ्रॉस्टला वितळतो, परत गोठतो, आणि खाली पाइप गुपचूप गंजतो. सतत उणे ३० वर राहणाऱ्या लाइनपेक्षा गरम-थंड होणाऱ्या लाइनला हा गंज जास्त लागतो. व्हॉल्व्हला काढता येतील असे दोन तुकड्यांचे डबे करून घ्या. संशय येईल तिथे इन्शुलेशन कापून बघा. वरून रंग मारून उपयोग नाही.

नटबोल्ट आणि स्पिंडलच्या आट्यांना ग्रीस, टोप्या जागेवर, केबल ग्लँड घट्ट. गोठलेलं स्पिंडल सोडवायला कोमट पाणी ओता. टॉर्च नको, हातोडा नको.

व्हॅक्यूममध्ये चालणाऱ्या प्लँटला आणखी एक गोष्ट. अमोनिया उणे ३३ अंशांना वातावरणाच्या दाबाला उकळतो. त्याखाली चालवलं की गळका ग्लँड बाहेर वास देत नाही, बाहेरची दमट हवा आत ओढतो. मग हेड प्रेशर वाढतं, पर्जर (आत शिरलेली हवा बाहेर काढणारं यंत्र) सतत चालतो आणि अमोनियात पाणी साठत जातं. लो साइडच्या ग्लँडची तपासणी प्लँट थांबलेला असताना, दाब चढल्यावर करा.

## गळती झालीच तर कोणता व्हॉल्व्ह, आणि कुणी बंद करायचा?

पहिलं काम इमर्जन्सी स्टॉप, दुसरं माणसं बाहेर, आणि मग किंग व्हॉल्व्ह, म्हणजे रिसीव्हरच्या लिक्विड आउटलेटचा. तोही जवळ जाणं सुरक्षित असेल तर किंवा बाहेरून बंद करता येत असेल तर. अमोनिया ३०० पीपीएमला (दहा लाखात ३०० भाग) पोचला की हवा जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. तिथे कॅनिस्टर मास्क पुरत नाही, स्वतंत्र हवेचा सिलिंडर पाठीवर लागतो. तो नसलेल्या माणसाने शूरपणा करून आत जाऊ नये, आणि मालकाने त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

कोरडा अमोनिया हवेपेक्षा हलका, पण लिक्विड फवारलं गेलं आणि हवा दमट असली की पांढरं धुकं जमिनीलगत सरकतं. वाऱ्याला आडवे निघा. पावसाळ्यात वारा बहुधा नैऋत्येकडून, म्हणजे खाडीकडून पारसिकच्या डोंगराकडे वाहतो. त्या वाटेवर कोणती वस्ती, कोणती शाळा आहे ते आधीच माहीत हवं. छतावर वाऱ्याचा मोजा लावा. धुक्यावर पाण्याचा फवारा चालतो, साचलेल्या लिक्विडवर पाणी मारू नका, ते आणखी जोरात उकळतं. डोळ्यांत गेलं तर लगेच पाणी, निदान पंधरा मिनिटं, मग दवाखाना. फोन ११२ ला, आणि शेजारच्या कारखान्यालाही.

## किंग व्हॉल्व्ह किती वेळा फिरवून बघावा?

निदान तिमाहीला एकदा किंग व्हॉल्व्ह, आणि बाकीचे सगळे आयसोलेशन व्हॉल्व्ह वर्षातून एकदा. पूर्ण बंद, मग परत होता तिथे. प्लँट चालू असताना बंद केला तर लो साइड रिकामी होत जाते आणि रिसीव्हर भरत जातो, म्हणून आधी रिसीव्हरची पातळी बघून, दोघांनी मिळून, थोड्याच वेळासाठी. व्हॉल्व्ह जड फिरला तर "चालतंय" म्हणून सोडू नका, पुढच्या शटडाउनच्या यादीत घाला.

फिरवायचं काम रात्रपाळीच्या माणसांनीही करायला हवं. गळती दिवसपाळी बघून होत नाही, आणि अंधारात तो व्हॉल्व्ह शोधायचा आहे तो त्यांना.

## जुन्या प्लँटला व्हॉल्व्हचे नंबरच नाहीत, ड्रॉइंगही सापडत नाही. सुरुवात कुठून करावी?

रिसीव्हरपासून. तिथून लिक्विड जसं जातं तसं हातात वही घेऊन चालत जा. पंप किंवा एक्स्पान्शन, युनिट, सक्शन, सेपरेटर, कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि परत रिसीव्हर. वाटेत दिसेल त्या प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची नंबर-पट्टी तारेने बांधा आणि वहीत लिहा: कशाचा आहे, आत्ता उघडा की बंद, फिरतो का, टोपी आहे का. कशाचा आहे ते समजलं नाही तर तसं लिहा आणि तो फिरवू नका. सगळ्यात जुन्या ऑपरेटरला बरोबर घ्या. कोणता व्हॉल्व्ह कुणी, कधी, कशासाठी टाकला ते त्यालाच आठवतं. वही पूर्ण झाली की तिच्यावरून साधं लाइन ड्रॉइंग काढून घ्या. किंग व्हॉल्व्ह आणि मुख्य सक्शनच्या व्हॉल्व्हची पट्टी लाल करा आणि ड्रॉइंगची एक प्रत गेटवर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये लावा, म्हणजे अग्निशमन दलाची गाडी आली की ती बाहेरच हातात देता येईल.